रुमालाखाली ठरलेला लॅपटॉप

भिशी लागली त्याच संध्याकाळी मी घरात सांगून टाकलं की या पैशातून मला लॅपटॉप घ्यायचाय. चुकलंच माझं. गुपचूप जाऊन घेऊन यायला हवा होता. आमच्या घरात एखादी वस्तू येणार असं नुसतं कानावर पडलं, की ती यायच्या आधीच सगळ्यांची होऊन जाते.

हे मी उगाच म्हणत नाही. भावानं मला हौसेनं स्कूटी घेऊन दिली. ती आता लेकीची आहे, आणि मला भाजीला जायचं असलं तर तिला मेसेज करावा लागतो. माहेराहून आलेल्या कपाटाला सगळे अजून ‘आईचं कपाट’ म्हणतात. त्यात माझ्या साड्या एका कप्प्यात कोंबलेल्या आणि बाकी सगळीकडे रजया, नवऱ्याचे कंपनीचे शर्ट आणि न लागणारी बॅडमिंटनची रॅकेटं. कुणी काही हिसकावून घेत नाही हो. सगळे अगदी प्रेमानं घेतात, म्हणून तर भांडताही येत नाही.

लॅपटॉपचं मात्र तसं होऊन चालणार नव्हतं. लग्नाआधी मी औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या छापखान्यात मराठी टायपिंग करायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, दहाव्याची कार्डं, निवडणुकीच्या दिवसांत तर उमेदवारांचे सगळे संकल्प माझ्याच बोटांखालून जायचे. लग्नपत्रिकेचा मजकूर मी न बघता टाइप करत असे, आणि तेव्हा मालकांच्या चहात आलं कमी आहे हेही बोलत असे. मग लग्न झालं, लेक झाली, सासूबाई आजारी पडल्या, आणि ते राहून गेलं ते गेलंच.

या पावसाळ्यात एका जुन्या मैत्रिणीनं सांगितलं की शाळेची सरावपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकाला मराठी टाइप करणारं माणूस हवंय, काम घरी बसून. मी भीत भीत गेले. त्यांनी एक पान समोर ठेवलं. पहिल्या दोन ओळी बोटं अडखळली, तिसऱ्या ओळीला त्यांना सगळं आठवलं. तिथले गृहस्थ म्हणाले, काम वर्षभर पुरेल एवढं आहे, पण लॅपटॉप तुमचा पाहिजे आणि दिवाळी संपताच सुरुवात पाहिजे. नाहीतर दुसऱ्या एक बाई विचारून गेल्यात. परत येताना रिक्षात मी जवळजवळ गातच होते.

तेव्हा मला काय हवं होतं ते स्पष्ट होतं. मला ते काम हवं होतं, आणि त्यासाठी फक्त माझा असा लॅपटॉप हवा होता. घराचा लॅपटॉप म्हणजे माझी पाळी सगळ्यांचं आटोपल्यावर, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तसं झालं की धडे वेळेवर जाणार नाहीत, आणि त्या दुसऱ्या बाई आहेतच.

पण मी बोलले आणि घरात उत्साहाची लाट आली. नवरा शेंद्र्याच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. त्याला कुठल्याही वस्तूत दोष शोधायची पगारी सवय. त्यानं दुसऱ्या दिवशी जेवताना फोनवर तक्ता उघडला. कोणता प्रोसेसर, किती रॅम, बॅटरी किती तास, आणि शेवटच्या रकान्यात ‘ऑफिसच्या फायली उघडतात का’. लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिला व्हिडिओ एडिट करायचे असतात, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप म्हणजे तिच्या मते नुसता ट्रे. दोघांची जोरात चर्चा चालली. मी पोळ्या वाढत होते. मधेच मी म्हटलं की मला कळफलक चांगला हवा आणि अक्षरं मोठी दिसायला हवीत. दोघंही म्हणाले, ते काय, सगळ्यातच असतं.

आबा, म्हणजे माझे सासरे, जेवता जेवता सगळं ऐकत होते. सासूबाई गेल्यापासून ते पिशोर सोडून आमच्याकडे पुंडलिकनगरात राहतात. शेत वाट्यानं दिलंय, बैल कधीच गेले. पण एके काळी त्यांच्याशिवाय त्या भागात कुणी बैलजोडी घेत नसे. लोक त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून बाजारात न्यायचे. इथं शहरात त्यांच्या नजरेला काही काम उरलं नाही, म्हणून ते शेजाऱ्यांचे फ्रिज आणि दारात उभ्या गाड्या तपासत फिरतात. लेकीनं फोनवर एक लॅपटॉप मागवायला घेतला तेव्हा त्यांनी हात धुतला आणि बजावलं, न बघता, न चालवता काही घ्यायचं नाय, मी येतो.

रविवारी आम्ही चौघं निघालो, दोन गाड्यांवर. आबांनी खांद्यावर पांढरा रुमाल टाकला होता आणि जाकीट घातलं होतं. लेकीनं हळूच विचारलं, आबा लग्नाला येतायत का.

पहिलं दुकान झगझगीत होतं. एसी, काचेची टेबलं, एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरं. मी काही विचारलं की तिथला पोरगा उत्तर माझ्या नवऱ्याला द्यायचा. मी विचारलं, मराठी युनिकोड चालतं का. तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, सर, सगळं चालतं. त्यात किमती अशा, की सगळ्या बायकांची भिशी एकाच महिन्यात मला लागली असती तरच जमलं असतं. आबांनी एकाला चालवून दाखवा म्हटलं, तर डबा सीलबंद आहे म्हणाला. आबा वळले ते थेट जिना उतरूनच थांबले.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून पैठण गेटच्या बाजूच्या एका गल्लीत गेलो. तिथं वापरलेले लॅपटॉप दुरुस्त करून, साफ करून विकायचं दुकान होतं. कंपन्या जुने झाले म्हणून काढून टाकतात ते. दुकान लांबोळकं, दोन्ही बाजूंना फळ्यांवर उघडे लॅपटॉप मांडलेले, पंखा घरघरतोय. मालक माझ्या नवऱ्याच्या वयाचे, पांढरी होत आलेली दाढी, बोलणं अर्धं मराठी आणि अर्धं दखनी. आत टेबलाशी त्यांची बायको बसली होती, बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, एका कळफलकाच्या फटी ब्रशनं साफ करत. मालक आबांना म्हणाले, “आओ चचा, बैठो. बघून घ्या, हात लावायला पैसे नक्को.”

एवढंच ऐकायचं होतं आबांना. ते बसले नाहीत. त्यांनी एकेक लॅपटॉप उचलून तळाशी हात लावला, ताप आलाय का बघतात तसा. झाकण चार चार वेळा उघडलं आणि मिटलं, मानेत जोर पाहिजे म्हणाले. पंख्याच्या जाळीला कान लावला. कामात असताना मधेच बसत तर नाय ना, असं विचारलं, आणि मालकांनीही गंभीरपणे सांगितलं की बसत नाही, रॅम वाढवलीय. एक चांगला लॅपटॉप आबांनी सरळ नापास केला, कारण त्याच्या झाकणावर डाव्या बाजूला गोल डाग होता. बैलाच्या अंगावर तिथं भोवरा असला की घरधन्याला लाभत नाही म्हणे. नवरा हळूच म्हणाला, आबा, तो चहाच्या कपाचा डाग आहे. आबा म्हणाले, असू दे, तरी नको.

मी तोपर्यंत माझ्या कामाला लागले होते. एकेका लॅपटॉपवर मराठी चालू करून मी सरळ लग्नपत्रिका टाइप करायला घेतली. काहींच्या कळा कडक, काहींच्या इतक्या सैल की ‘आमच्या’चा ‘आआमच्या’ होत होता. एकाच्या स्पेस बारचा खडखडाट शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवेल असा. मग एका काळ्या, जरा जाडजूड, अजिबात देखण्या नसलेल्या लॅपटॉपपाशी आले. कळा मऊ, पण खाली गेल्यावर बरोबर कळायचं की गेली. पडदा मोठा. मी ‘चिरंजीव’पासून ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’पर्यंत एका दमात गेले आणि मान वर केली तर मालकांची बायको हातातला ब्रश थांबवून माझ्या बोटांकडे बघत होती. तिनं विचारलं, “कुणाचं लगन हाय?” मी म्हटलं, कुणाचंच नाही. ती हसली. मला त्या क्षणी इतका आनंद झाला, की तो ठोकळा मी उचलून छातीशीच धरला.

आबांनी तो तपासला. मान घट्ट, अंग थंड, भोवरा नाही. पास. नवऱ्यानं तक्त्यात बघितलं. बॅटरी मध्यम, पण ऑफिसच्या फायली उघडतील. म्हणाला, ठीक आहे, शनिवार-रविवार मला लागेल आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ. लेक म्हणाली, मग माझे प्रोजेक्ट कधी, आणि यात ग्राफिक्स कार्ड नाही, तो शेजारचा घेऊ. शेजारचा भिशीच्या बाहेर होता. दोघांनी आठवडा आपसात वाटून घ्यायला सुरुवात केली. सोमवार तुझा, मंगळवार माझा. सगळे वार संपले तरी माझं नाव आलं नाही. मी लॅपटॉप छातीशी धरून तिथंच उभी होते.

वाटणी चालू असतानाच आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि उजव्या हातावर पसरला. नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून किंमत सांगतात, म्हणजे भोवती जमलेल्यांना कळत नाही. हे नवऱ्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं, पण ते इथं पैठण गेटला होईल असं कुणाला वाटणार! नवरा म्हणाला, आबा, इथं फोनवरून पैसे जातात, रुमाल ठेवा. पण मालक मात्र रुमालाकडे बघून खुर्चीतून उठलेच. त्यांचे वडील बैलांचे व्यापारी, छावणीच्या गुरुवारच्या बाजारात त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. अब्बांनी हे शिकवलं होतं, म्हणाले, पण आता बोटांना आठवेल का माहीत नाही. त्यांनी बाही वर केली.

आबांनी हात पुढं केला आणि मधेच थांबवला. आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, “ह्याला जुंपणार कोण?”

नवरा म्हणाला, म्हणजे काय, सगळेच वापरणार. आबांनी मान हलवली. तसं नसतं, म्हणाले. पारख कुणी पण करावी, पण ज्याला औत हाकायचं असतं त्याचाच हात रुमालाखाली जातो, नाहीतर पुढं जनावराकडे बघायला कुणीच नसतं. बाजारात ते दुसऱ्यासाठी शंभर वेळा गेले असतील, पण हात त्यांनी फक्त स्वतःच्या बैलांसाठी घातला होता. बोला, कुणाचा हात?

लेक बापाकडे बघायला लागली, बाप तक्त्याकडे. मला काय झालं ते सांगते. मला राग आला. या दोघांचा नाही, माझाच. इतक्या वर्षांत मी कधी ‘हे माझं आहे’ असं तोंडानं म्हटलंच नव्हतं, आणि न म्हणता सगळ्यांना कळावं अशी मात्र अपेक्षा.

“माझा हात,” मी म्हटलं. “भिशी माझी, काम माझं आणि हा लॅपटॉप माझा. तुम्हाला लागला तर मला विचारायचं, आणि मी नाही म्हटलं तर नाही.”

आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दारापाशी चार्जर बघणारं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. माझे कान तापले, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. नवऱ्यानं फोन बंद करून खिशात ठेवला. लेकीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही स्कूटीची किल्ली आता कुठं ठेवावी याचा ती विचार करतेय.

आबा म्हणाले, “मग घाल हात, बाई.”

आता अडचण आली मालकांची. ते मागं सरकले. भाभींचा हात मी कसा धरू, म्हणाले, आणि आतल्या बाजूला वळून त्यांनी बायकोला हाक मारली. ती ब्रश ठेवून, हात बुरख्याला पुसत आली. तिनं आयुष्यात कधी गुरांचा बाजार पाहिला नव्हता. मी तरी कुठं पाहिला होता? बायका तिकडं जातच नाहीत. आबांनी आमच्या दोघींच्या हातांवर रुमाल टाकला आणि नियम सांगितला. एक बोट म्हणजे पाच हजार, दोन म्हणजे दहा, सगळा पंजा म्हणजे पंचवीस. तोंड बंद.

तिचा हात गार होता आणि जरा ओला. तिनं माझी बोटं दाबली. मला काहीच कळलं नाही. मी आपलं गडबडून तिचा अख्खा पंजाच घट्ट धरला, बसमध्ये दांडी धरतात तसा. हसू दाबताना तिचे खांदे हलायला लागले. माझ्या लक्षात आलं. तिनं मागितलं होतं त्याच्यापेक्षा मी जास्तच देऊ केलं होतं. तिनं मनात आणलं असतं तर तिथंच सौदा पक्का केला असता. पण तिनं माझं एकेक बोट सोडवलं, परत पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, लहान मुलाला शिकवतात तसं. बाहेरून दोघं पुरुष ओरडत होते. मालक म्हणत होते, दाब, दाब. आबा म्हणत होते, बोलू नका कुणी. लेकीनं व्हिडिओ काढायला फोन वर केला तर आबांनी तोही खाली करायला लावला.

मग आम्ही दोघी रुळलो. मी एक बोट कमी केलं, तिनं अर्धं परत घातलं. अर्धं बोट नियमात नव्हतं, आम्हीच काढलं. मी तिच्याकडे बघून डोळ्यानं बॅग आणि माउसकडे खूण केली, तिनं डोळे मिटून होकार दिला. शेवटी तिनं माझा हात एकदा नीट दाबला आणि सोडला नाही. झालं, असा त्याचा अर्थ असावा, कारण आबांनी रुमाल ओढून घेतला.

“किती?” दोघींच्या नवऱ्यांनी एकदमच विचारलं.

आम्ही दोघींनी सांगितलं नाही. बाजारचा तोच रिवाज, आबांनी ठणकावलं. बिल तिनं लिहून घडी घालून माझ्या हातात दिलं, पैसे मी माझ्या फोनवरून पाठवले, पडदा कुणाला दिसणार नाही असा धरून. तिच्या नवऱ्याला संध्याकाळी हिशेबात कळलं असेल. माझा नवरा अजून अंदाज करतोय. कधी जेवताना एखादा आकडा टाकून माझ्या तोंडाकडे बघतो. मी भाजी वाढते. तक्त्यात एक रकाना रिकामा राहिला याचा त्याला फार त्रास होतो, आणि मला त्याची थोडी मजा वाटते.

दिवाळी संपली आणि पहिले धडे आले, पाचवीच्या परिसर अभ्यासाचे. मी जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू घेतली. पहिल्याच दिवशी लेक कॉलेजमधून आली, सवयीनं लॅपटॉप स्वतःकडे वळवायला लागली, मग तिचा हात थांबला. घेऊ का गं, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. नवऱ्यानं शनिवारी विचारलं, त्यालाही हो म्हटलं. मला वाटलं, झालं की सगळं. पण खरं सांगू का, हो म्हणताना प्रत्येक वेळी मी उठत होते. धडा अर्ध्यात असला तरी उठत होते. विचारायला ते शिकले, नाही म्हणायला मी कुठं शिकले होते!

एका सकाळी मी ‘पाण्याचा वापर’ हा धडा टाइप करत होते. नवरा कंपनीत, लेक कॉलेजात. आबा दारापर्यंत आले. ते कधी दारात थांबत नाहीत. टीव्हीचा चॅनल बदलायचा असला, पंखा वाढवायचा असला, ते सरळ येतात आणि करतात, घर त्यांच्या मुलाचं आहे. त्या दिवशी ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि खाकरले. गावाकडच्या शेताचा सातबारा लॅपटॉपवर बघता येतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

“बाई, मोकळं हाय का तुझं?” ते म्हणाले. “नसंल तर सांग. मी थांबतो.”

मी उठायला लागले. हात टेबलावर टेकवलेसुद्धा. आणि मग परत बसले.

“धडा संपायचाय आबा,” मी म्हटलं. “थांबा जरा.”

“बरं,” ते म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, गुडघ्यांवर हात ठेवून बसले आणि खिडकीतून समोरच्या घराची नवी गाडी बघायला लागले. या घरात माझ्या कामासाठी कुणी असं बसून राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मला गहिवरून आलं, आणि हसूही आलं. धडा तसा थोडाच उरला होता. मी मुद्दाम सावकाश टाइप केला.